एक दार जरा जास्तच पांढरं

अप्पांनी निवृत्तीनंतर गाडी घेतली आणि त्या दिवशी घरातल्या बाकीच्या माणसांचा भाव जो उतरला, तो पुन्हा काही चढला नाही.

अप्पा म्हणजे या गोष्टीतल्या जावयाचे सासरे. उभी नोकरी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून झालेली. दुकानात शिरायचं, तराजू उचलून बघायचा आणि समोरच्याला घाम फोडायचा, हे त्यांचं काम. ते त्यांनी इतक्या आवडीनं केलं की निवृत्तीनंतर दुकानं हातची गेली तेव्हा त्यांनी घरातली माणसं तपासायला घेतली. सासूबाईंच्या हातचं मीठ, मुलीचं मोठ्यानं हसणं, शेजाऱ्यांची घंटी, सगळ्यांत काही ना काही कमी किंवा जास्त निघायचं. जावयात तर तपासायला बसलं की वेळच पुरायचा नाही.

जावई दात करायचा. दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर तोंडाचा साचा पाठवायचे आणि हा एका प्रयोगशाळेत दिव्याखाली बसून त्यात बसतील असे दात घडवायचा. अप्पा पाहुण्यांना त्याची ओळख करून देताना ही गोष्ट कधी विसरले नाहीत. "डॉक्टर नाहीत हं, डॉक्टरांना माल पुरवतात," असं म्हणायचे आणि पाहुणेही "असं होय" म्हणून चहाकडे वळायचे.

तर गाडी. पांढरीशुभ्र. आणल्यानंतर आठवड्याभरातच ती चार दिवस घराबाहेर होती, कारण तिच्यावर फिल्म बसवायची होती. अंगभर, पारदर्शक, ओरखडे उठू नयेत म्हणून. फिल्मवाल्याच्या दुकानात अप्पांना जे दर्शन घडलं त्याचं वर्णन जावयानं इतक्या वेळा ऐकलं होतं की त्याला ते झोपेत म्हणता आलं असतं. फिल्मवाल्यानं म्हणे एका तुकड्यावर तारेचा ब्रश खसाखसा फिरवला, मग त्यावर किटलीतलं गरम पाणी ओतलं, आणि ओरखडे बघता बघता नाहीसे झाले. अप्पांनी जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी पैकीच्या पैकी गुण दिले.

"थर्मोप्लास्टिक पॉलीयुरेथेन," ते एकेक अक्षर सुटं करून सांगत. "टीपीयू! रबरासारखं ताणतं, प्लास्टिकसारखं टिकतं. वाकतं पण मोडत नाही. जखम झाली तर स्वतःची स्वतः भरून काढतं. कुणाकडे तक्रार नाही, कुरकुर नाही." आणि मग ते जावयाकडे बघत. असा एखादा जावई मिळाला असता तर, हे वाक्य ते तोंडानं बोलत नसत, पण ऐकू मात्र सगळ्यांना जायचं.

हळूहळू टीपीयू घरातलंच झालं. जेवताना अप्पा खिशातला फोन काढून त्याचं मऊ कव्हर पिळून दाखवायचे. "हेसुद्धा तेच!" घड्याळाचा पट्टा, तेच. प्रवासी बॅगेची चाकं, तेच. एकदा तर पाहुण्यांसमोर त्यांनी पाय सोफ्यावर घेऊन बुटाचा तळवा दोन्ही हातांनी वाकवून दाखवला, आणि पाहुण्यांनी बशीतलं बिस्किट परत बशीत ठेवलं. जावयाला वाटलं, आपणही संभाषणात थोडी भर घालावी. तो म्हणाला, "आमच्याकडे दात सरळ करायचे पारदर्शक साचे असतात ना, त्यांतल्या काहींत हेच वापरतात."

"तुमच्याकडे?" अप्पा म्हणाले. "छे! ते वेगळं काहीतरी असेल."

पुढच्या आठवड्यात ते शेजाऱ्यांना सांगत होते की टीपीयू आता दातांनासुद्धा वापरतात, लोकांना काही माहीतच नसतं.

दर रविवारी सकाळी अप्पा किटली घेऊन खाली उतरायचे. गाडीभोवती फिरत, चष्मा कपाळावर चढवून, नाक पत्र्याला लावून बारीकसारीक ओरखडे शोधायचे आणि सापडला की त्यावर हलकेच गरम पाण्याची धार धरायचे. सासूबाई गॅलरीतून बघायच्या. "एवढ्या मायेनं यांनी मला कधी गरम पाणी दिलं नाही," असं त्या एकदा मुलीला म्हणाल्या. गाडी फारशी कुठे जायची नाही. रस्त्यावर धूळ असते आणि इतर गाड्याही असतात, हे अप्पांना पटत नव्हतं.

अशी काही वर्षं गेली आणि अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दोन्ही डोळ्यांत. ओरखडे दिसेनासे झाले. अप्पांनी त्याचा अर्थ असा काढला की टीपीयू दिवसेंदिवस जास्तच चांगलं काम करतंय. पण एकदा ते रविवारी शेजाऱ्याच्या गाडीवर किटली ओतून आले, तेव्हा मात्र शस्त्रक्रियेची तारीख घ्यावीच लागली. आधी उजवा डोळा करायचा ठरलं.

त्या दिवशी गाडी जावयानं चालवायची होती, कारण दुसरा इलाज नव्हता. अप्पांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली खरी, पण बोटं सोडायला वेळ घेतला. वाटेत ते डोळे मिटून बसले होते आणि तरीही "ब्रेक", "हळू", "पुढे खड्डा आहे" असं सांगत होते. खड्डा खरोखर होता, हे जावयाला मान्य करावं लागलं.

दवाखान्यात अप्पांना आत नेलं. सासूबाई बाहेरच्या बाकावर बसल्या. नर्स म्हणाली, सगळं आटोपून सोडायला दुपार होईल. जावईही बसणार तोच सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही गाडी उन्हात लावलीत ना? तेवढी सावलीत घ्या बाई. बाहेर आल्या आल्या पहिलं तेच विचारतील. माझी तब्येत कशी आहे हे काही विचारायचे नाहीत."

म्हणून जावई खाली गेला आणि त्यानं गाडी तळघरात घेतली. तळघरात सावली भरपूर होती आणि खांबही भरपूर होते. गाड्या घासून खांबांचे कोपरे फुटू नयेत म्हणून त्यांवर लोखंडी पट्ट्या मारलेल्या. त्यातली एक पट्टी खालून सुटून बाहेर आली होती. जावई गाडी मागे घेत होता, आरशात बघत होता, अगदी हळू. आणि तेवढ्यात कुणीतरी नवं कापड टराटरा फाडावं तसा आवाज झाला.

तो उतरून डाव्या बाजूला गेला. मागच्या दारावरची फिल्म हँडलपासून खालपर्यंत फाटून लोंबत होती. त्यानं ती बोटानं उचलून पाहिली. खालचा रंग जसाच्या तसा, साधी रेघही नाही. टीपीयूनं आपलं काम चोख केलं होतं. रंगाला काही झालं नव्हतं. जे व्हायचं ते आता जावयालाच होणार होतं.

माणूस घाबरला की त्याला पढवलेलं आठवतं. जावई धावत उपाहारगृहात गेला, कागदी पेल्यातून उकळतं पाणी आणलं आणि फाटक्या जागेवर ओतलं. काही झालं नाही. तो आणखी दोन पेले घेऊन आला. तळघराचा पहारेकरी खुर्ची ओढून हे बघायला बसला. चौथ्या खेपेला तो म्हणाला, "साहेब, त्यात चहाची पूड टाकायची राहिली." ओरखडा भरतो, भोक भरत नाही, एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांच्या प्रवचनांत अप्पांनी कधी सांगितली नव्हती.

मग त्यानं सासूबाईंना फोन केला, "हवा कमी वाटतेय चाकात, भरून येतो," आणि गाडी थेट फिल्मवाल्याच्या दुकानात नेली.

फिल्मवाला गोड माणूस होता. इतका गोड की त्याच्याशी पाच मिनिटं बोललं की पाणी प्यावंसं वाटायचं. तो प्रत्येकाला सर म्हणायचा आणि कुठल्याही अडचणीला 'छोटी गोष्ट' म्हणायचा.

"एकच दार ना सर? छोटी गोष्ट आहे. दोन-तीन तासांत दार असं करून देतो की तुमच्या सासऱ्यांना काय, गाडीलासुद्धा कळणार नाही."

त्यानं खरंच वेळेत काम केलं. फाटकी फिल्म काढली, दार धुतलं, साबणाच्या पाण्यावर नवी फिल्म सरकवत बसवली, रबरी पट्टीनं पाणी ओढून काढलं, कडा आत मुडपल्या. एक बुडबुडा नाही. जावई कौतुकानं चार पावलं मागे सरकला आणि त्याचं कौतुक तिथंच थांबलं.

दार पांढरं होतं. बाकीची गाडी नव्हती. इतक्या वर्षांच्या उन्हानं सगळ्या फिल्मला एक फिकट पिवळट झाक आली होती, आणि ती सगळीकडे सारखीच असल्यामुळे आजवर कुणाच्या लक्षात आली नव्हती. आता ते एक दार म्हाताऱ्याच्या तोंडात बसवलेल्या नव्या कोऱ्या दातासारखं चमकत होतं. आणि हे कळायला जावयाइतका लायक माणूस त्या शहरात शोधून सापडला नसता. त्याचा सगळा धंदाच हा होता. नवा दात शेजारच्या दातांइतकाच पिवळा करायचा, त्यांच्याइतकेच डाग पाडायचे, म्हणजे हसताना कुणाचं लक्ष जात नाही.

"जरा पिवळट फिल्म नाही का तुमच्याकडे?" त्यानं विचारलं.

फिल्मवाल्यानं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "सर, पिवळी पडणार नाही अशी द्या म्हणणारे रोज येतात. पिवळीच द्या म्हणणारे तुम्ही पहिले."

"पण हे दिसतंय हो!"

"सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चाललंय म्हणालात ना? मग छोटी गोष्ट आहे," फिल्मवाला म्हणाला.

दुपारी अप्पा एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू घेऊन बाहेर आले. "गाडी सावलीत होती ना?" त्यांनी विचारलं. जावई म्हणाला, "पूर्ण सावलीत." हे अगदी खरं होतं. अप्पांनी दाराला हात लावला, कुरवाळल्यासारखा फिरवला आणि समाधानानं आत बसले. सासूबाईंनी दाराकडे एकदा पाहिलं, पण त्यांना गाडीकडे लक्ष देऊन बघायची मुळात इच्छाच राहिलेली नव्हती.

आठवड्यानं काळा चष्मा उतरला आणि अप्पांना जग दिसलं. त्याचा घरच्यांना फार त्रास झाला. "ही भिंत पांढरी आहे?" ते दिवसभर विचारत फिरत होते. "मग मी रंगाऱ्याशी भांडलो कशाला?" आपले पिवळसर समजून घातलेले सदरे पांढरे निघाले. पडदे निळे निघाले. स्वयंपाकघरातल्या फळीवर तेलकट बोटांचे ठसे निघाले. ते एकदा आरशासमोर जाऊन आले आणि त्यानंतर तासभर काही बोलले नाहीत. हा त्या आठवड्यातला घरातला सर्वांत शांत तास होता. मग ते किटली घेऊन खाली उतरले.

पाचच मिनिटांत जावयाचा फोन वाजला.

"ताबडतोब या," अप्पा म्हणाले. "गाडीबद्दल बोलायचंय." आणि फोन ठेवला.

जावई हातातली कवळी तशीच ठेवून निघाला. वाटेत त्यानं कबुलीची तीन-चार वाक्यं जुळवली. 'अप्पा, मी सांगणारच होतो' हे त्याला बरं वाटलं, पण मग का सांगितलं नाही याचं उत्तर जुळेना. पोचला तर अप्पा गाडीशेजारी कमरेवर हात ठेवून उभे. चेहरा लाल. पण डोळ्यांत चमक होती, आणि ती नुसती शस्त्रक्रियेची नव्हती. कुठल्याशा दुकानात खोटा तराजू सापडल्यावर यायची ती चमक होती.

"हे दार बघा," ते म्हणाले.

जावयानं दार पाहिलं. "अप्पा, मी सांगणारच होतो..."

"तुम्ही काय सांगणार? तुम्हाला कधी काही दिसलंय का? दातांचे रंग जुळवता म्हणे! हे दार बघा आणि बाकीची गाडी बघा. काही कळतंय?"

"एक दार... पांढरं आहे."

"एक दार खरं आहे!" अप्पा गरजले. "हे खरं टीपीयू! बघा, इतकी वर्षं झाली, तसूभर पिवळं पडलं नाही. आणि बाकी सगळा बनावट माल! एका दाराला असली लावलं आणि बाकी गाडीला भेसळ चोपडली. मला! वजनमापे खात्यातल्या माणसाला!"

जावयाच्या जिवात जीव आला, आणि लगेच दुसऱ्या बाजूनं निघून गेला. कारण अप्पा म्हणाले, "चला. आत्ता त्याच्या दुकानात जायचं. तुम्ही साक्षीला."

दुकानात शिरल्या शिरल्या अप्पांनी आवाज लावला. भेसळ, फसवणूक, ग्राहक, कायदा, सगळं एका दमात. फिल्मवाल्यानं आधी गाडीकडे पाहिलं, मग दाराकडे, मग अप्पांच्या खांद्यावरून जावयाकडे. जावयानं डोळ्यांनीच त्याच्यापुढे हात जोडले. फिल्मवाला खाली वाकला, दाराजवळ नाक नेलं, बोटानं चाचपलं आणि गंभीरपणे मान हलवली.

"सर, तुमची नजर म्हणजे नजर आहे," तो म्हणाला. "हे दार वेगळ्याच रोलमधलं लागलेलं दिसतंय. बाकीचा रोल खराब निघाला. पण छोटी गोष्ट आहे. पिवळी पडणार नाही याची कंपनीची हमी आहे, अजून मुदत संपलेली नाही. कंपनी नवी फिल्म देईल, बसवायची मजुरीही कंपनीच देईल. तुम्ही फक्त सही करा."

मजुरी कुणाच्या खिशात जाणार होती हे वेगळं सांगायला नको. म्हणजे फिल्मवाला खूश, अप्पा जिंकल्यामुळे खूश, आणि जावई तर इतका खूश की त्याला रडू यायचं बाकी होतं. एका खोटेपणातून तिघांचं एवढं भलं झालेलं त्यानं पाहिलं नव्हतं.

कंपनीची फिल्म आल्यावर गाडी पुन्हा दुकानात गेली. अप्पांचा आता कुणावर विश्वास नव्हता. जुनी फिल्म काढतानाही आपण समोर उभं राहणार म्हणाले, आणि जावयालाही रजा काढायला लावून बरोबर नेलं. फिल्मवाला हीट गननं फिल्म तापवायचा, कोपरा सुटा करायचा आणि सावकाश ओढायचा. छप्पर झालं. डिकी झाली. उजवी दोन्ही दारं झाली. पिवळट कातडं निघत होतं आणि खालून शोरूममधली गाडी बाहेर येत होती. अप्पा भारावून बघत होते. "बघा," ते जावयाला म्हणाले, "आतून कशी जपलीय."

बॉनेट झाल्यावर फिल्मवाला डाव्या दिव्याशेजारच्या मडगार्डकडे वळला, आणि अप्पा अचानक म्हणाले, "ते राहू दे."

"काय सर?"

"मडगार्ड राहू दे. ते ठीक आहे तसं."

"सर, सगळ्यात पिवळं तर तेच आहे," फिल्मवाला म्हणाला, आणि बोलता बोलता त्यानं सवयीनं कोपरा ओढला.

फिल्म आली, आणि फिल्मबरोबर रंगही आला. हातभर लांबीचा पांढरा पापुद्रा फिल्मला चिकटून लोंबायला लागला, आणि मडगार्डवर खाली राखाडी पुट्टी उघडी पडली. पुट्टीच्या कडेनं पत्रा ठोकून सरळ केल्याच्या खुणा होत्या. दात तुटल्यावर त्याच्या जागी कुणीतरी घाईघाईनं बोळा भरून वरून रंग मारावा, तसं ते दिसत होतं. जावयानं आयुष्यात असं वाईट काम पाहिलं नव्हतं.

हीट गन बंद झाली.

"सर," फिल्मवाला हळूच म्हणाला, "हा कंपनीचा रंग नाही. पहिली फिल्म बसवतानाच मी तुम्हाला विचारलं होतं, इथला रंग कच्चा का लागतोय म्हणून. तुम्ही म्हणालात, नवीन पद्धत आहे."

"तुम्ही गप्प बसा," अप्पा म्हणाले. पण त्यात नेहमीचा दम नव्हता. त्यांनी जावयाच्या दंडाला धरलं. "चला, चहा घेऊ."

समोरच्या टपरीवर बाकडं होतं. अप्पांनी चहा मागवला आणि तो निवेपर्यंत नुसते पेल्याकडे बघत बसले. जावयाला ते एकदम लहान झाल्यासारखे वाटले.

"तिसऱ्या दिवशीची गोष्ट," अखेर ते म्हणाले. "गाडी आणल्यापासून तिसऱ्या. वाटलं, जुन्या ऑफिसात जाऊन दाखवून यावी. पण म्हटलं, सगळ्यांसमोर चुकलं तर? आधी सुट्टीच्या दिवशी जाऊन सराव करू. फाटकातून रुबाबात आत कसं शिरायचं, तेवढाच सराव."

"मग?"

"सुट्टी होती ना. फाटक बंद होतं."

ओठ घट्ट मिटून धरायला जावयाला फार कष्ट पडले.

"उघडंच असतं हो ते! नोकरीभर उघडं पाहिलंय मी. फाटकाच्या लोखंडी खांबावर मडगार्ड बसलं. तशीच गाडी एका डेंटिंगवाल्याकडे नेली. घरी काय सांगायचं? म्हटलं, फिल्म बसवतोय, चार दिवस लागतात. मग त्यापायी फिल्म खरीच बसवावी लागली. आणि तो फिल्मवाला मेला एवढं बोलला त्या टीपीयूबद्दल..." अप्पांनी घोट घेतला. "मग मलाही ते खरंच आवडायला लागलं."

मग अप्पा खालच्या आवाजात म्हणाले, "तुमच्या सासूबाईंना कळायला नको. तुमच्या बायकोलाही नको. ती आईला सांगेल. शब्द द्या."

"दिला," जावई म्हणाला.

आणि त्याला काय झालं कोण जाणे. समोर बसलेला माणूस त्याला पहिल्यांदाच आपल्यासारखा वाटला, भीतीत चूक करणारा आणि ती लपवताना आणखी घोळ घालणारा. त्याचं मन भरून आलं. अशा वेळी शहाण्यानं चहा प्यावा. जावई म्हणाला, "अप्पा, आता तुम्ही एवढं सांगितलंत, तर मीही सांगतो. ते पांढरं दार आहे ना, ते जुनं नाहीये. तुमच्या ऑपरेशनच्या दिवशी तळघरात खांबाला लागलं माझ्याकडून. फिल्म फाटली. मी त्याच दिवशी बदलून घेतली."

अप्पांनी पेला खाली ठेवला. त्यांची पाठ सावकाश सरळ झाली, हनुवटी वर आली, आणि गेल्या अर्ध्या तासात लहान झालेला माणूस जावयाच्या डोळ्यांदेखत पुन्हा पूर्ण मापाचा झाला.

"म्हणजे तुम्ही माझी गाडी खांबाला घासलीत," ते म्हणाले.

"हो, पण..."

"आणि मी आत ऑपरेशन टेबलावर असताना."

"हो."

"आणि माझ्यापासून लपवून ठेवलंत. मला त्या दुकानात नेऊन भांडायला लावलंत!"

"तुम्हीच मला नेलं होतं अप्पा."

"असा खोटेपणा," अप्पा म्हणाले आणि त्यांनी मान हलवली, "आमच्या घरात चालत नाही." मग त्यांनी जावयाच्या चहाचेही पैसे दिले आणि ताठ चालत दुकानाकडे गेले.

मडगार्डचा रंग नीट काढून पुन्हा मारायला गाडी चार-पाच दिवस बाहेर राहणार होती, आणि घरी त्याचं काहीतरी कारण द्यावं लागणार होतं. ते कारण अप्पांनी त्याच संध्याकाळी जेवताना दिलं. मुलगी, जावई, सासूबाई, सगळे ताटावर बसले होते.

"गाडी यायला उशीर होईल," अप्पा भाजी वाढून घेत म्हणाले. "जावईबापूंनी दवाखान्यात खांबाला ठोकली होती. त्यांनी आज स्वतःच कबूल केलं. आता तो सगळा डाव्या बाजूचा रंग पुन्हा करावा लागतोय."

"सगळा?" सासूबाई दचकून म्हणाल्या.

"मागच्या दारापासून थेट पुढच्या मडगार्डपर्यंत," अप्पा म्हणाले. "जोरात बसलं होतं. हो ना?"

जावयानं त्यांच्याकडे पाहिलं. अप्पांनीही त्याच्याकडे पाहिलं, थेट, पापणी न लववता, नव्या डोळ्यानं. आणि मग त्यांनी भाजीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी त्याला आपल्या हातानं काही सरकवलं होतं.

"हो," जावई म्हणाला. "जोरात बसलं."

"अरे देवा," बायको म्हणाली. "आणि तू आईला म्हणालास हवा भरायला चाललोय! हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

रात्री घरी परतताना तिनं तोच प्रश्न दोनदा विचारला. खरं बोललं असतं तर अप्पा काही तुला खाणार नव्हते, असं तिचं म्हणणं. जावई स्कूटर चालवत होता. शब्द दिला होता, त्यामुळे उत्तर देता येत नव्हतं.

"आज बोललो ना खरं," तो शेवटी म्हणाला.

"मग? हलकं नाही वाटलं?"

"मागच्या दारापुरतं वाटलं," जावई म्हणाला. तिला ते कळलं नाही, आणि तिनं पाठीत एक धपाटा घातला.

गाडी आली. सगळी सारखी पांढरी, कुठे वेगळं दार नाही, कुठे पुट्टी नाही. ती गोष्ट मात्र वाढत राहिली. कुणी पाहुणा आला की अप्पा फोनचं कव्हर आणि बुटाचा तळवा दाखवून झाल्यावर जावयाच्या अपघाताकडे वळायचे. आधी एक खांब होता, मग दोन झाले. एका मावससासूबाईंच्या कानावर तर असं गेलं की खांबच पडला. जावई आधी नुसता हसायचा. पण वर्षभरात त्यालाही त्यात गोडी वाटायला लागली आणि तो मधेमधे भर घालू लागला. ब्रेकच लागेना, समोर अंधार, असं काहीबाही. अप्पा त्याला बोलू द्यायचे. इतर कुठल्याही विषयावर त्यांनी त्याला इतकं बोलू दिलं नव्हतं.

आणि दुसऱ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख आली, तेव्हा अप्पांनी सगळ्यांसमोर गाडीची किल्ली जावयाच्या तळहातावर ठेवली आणि लगेच हात काढून घेतला.

"चालवा तुम्हीच," ते म्हणाले. "तुमच्या हातून जे व्हायचं ते होऊन गेलंय."

ते मागे बसले, डोळे मिटले आणि दवाखाना येईपर्यंत एकदाही ब्रेक म्हणाले नाहीत.